शालीची कड

कला महाविद्यालयातली बारा मुलंमुली सरांबरोबर परदेशातली चित्रं बघायला निघाली, तेव्हा मास्तरणीच्या वडिलांनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. मास्तरीण म्हणजे त्या बारांतलीच एक. लहानपणी वडिलांच्या पाट्या तपासायची, म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणे; चिडली की आईसुद्धा.

"तुझ्या पुस्तकात ते शालवाल्या बाईचं चित्र आहे ना," पेंटर म्हणाले, "ते काढताना त्या म्हाताऱ्या चित्रकाराचा हात कापत होता, असं खाली छापलंय. मग शालीची ही कड खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ कशी ओढली त्यानं? तेवढं बघून ये. समोरून नको. समोरून सगळ्यांचंच चांगलं दिसतं. भिंतीला गाल लावून बाजूनं बघ. रंग जिथं जाड दिसेल, तिथं हात उचललाय."

"भिंतीला गाल लावला तर हाकलतील मला, बाबा."

"हाकलू देत की. बघून झाल्यावरच हाकलतील ना?"

ती हसली. पेंटर हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. तेही तिनं पाहिलं होतं, आणि थंडी पडलीय, एवढंच तिच्या मनात आलं होतं. चित्रकलेची विद्यार्थिनी!

तिकडे गेल्यावर कुणीतरी विचारलं, तर तिनं सांगून टाकलं, वडील जाहिरात क्षेत्रात आहेत. चौथ्या दिवशी ते चित्र समोर आलं. "बघा, एका श्वासात आलेली रेषा," सर म्हणाले. ती हळूच बाजूला सरकून वाकली, तेवढ्यात गटातली गॉगलवाली मोठ्यानं म्हणाली, "ए, वास घेतेस की काय चित्राचा?" सगळे खिदळले. मास्तरीण जी मागं झाली, ती पुन्हा पुढं गेली नाही.

दुपारी पायऱ्यांवर सगळे डबे उघडून बसले होते. पेंटरांचा फोन आला.

"बघितलीस?"

"हो."

"मग?"

गॉगलवाली शेजारीच होती. "एका दमात ओढलीय, बाबा. हात कुठंच उचललेला नाही."

"कुठंच नाही?"

"नाही म्हटलं ना."

मग ते म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

शेवटच्या दिवशी बाकीचे खरेदीला गेले. तिचं एक रेखाटन राहिलं होतं, म्हणून ती एकटीच संग्रहालयात आली. शालवालीसमोर गर्दी होती. जागा मिळाली ती कोपऱ्यात, भिंतीलगत, जमिनीवर. खिडकीतला उजेड चित्रावर तिरका पडला होता. तिनं वर पाहिलं आणि पेन्सील थांबली. कड अखंड नव्हतीच. तिनं दोनदा मोजलं. नऊ ठिकाणी हात उचललेला होता. प्रत्येक ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढा रंग साचलेला, आणि खाली गुडघ्याकडे तर तुकडे जेमतेम बोटभर. म्हातारा थांबत थांबत, दम खात गेला होता.

तिनं फोन काढला. मग वाटलं, नको, घरी जाऊन सांगू. त्यांचा चेहरा बघता येईल. कोपऱ्यातून फोटोत नुसती चमक येत होती, म्हणून फोटो तेवढा समोरून काढला.

घरी आली, तर ब्रशच्या डब्याच्या जागी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

"वाटून टाकले ब्रश," आई म्हणाली. "दवाखान्याची पाटी अर्धी सोडली. डॉक्टरांना म्हणाले, दुसरा माणूस बघा."

"कधी?"

"तुझ्याशी फोनवर बोलले त्याच दिवशी. सहा महिने हात कापतोय त्यांचा. तुला सांगायची बंदी होती मला. काठीवर हात टेकवून, थांबून थांबून रंगवायचे. मी म्हटलं, मग काय बिघडलं? तर म्हणाले, त्या म्हाताऱ्याला एका दमात जमलं. मी आपला हाताला बोल लावतोय."

पेंटर मागच्या खोलीत पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर खालीच बसली.

"बाबा, मी खोटं बोलले. तेव्हा मी पाहिलंच नव्हतं. नंतर पाहिलं, बाजूनं. नऊ वेळा उचललाय हात."

त्यांनी फोन दोन्ही हातांत घेतला, फोटो मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला. कड खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध दिसत होती.

"आई बोललेली दिसतेय तुझ्याशी," ते म्हणाले.

"बोलली. पण हे खरं आहे, बाबा. शपथ."

"नऊ! दहा का नाही गं?" ते हसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "मास्तरीणबाई, एवढ्या पाट्या तपासल्यात, कधी चुकीला बरोबर म्हटलं नाहीत. आता नका सुरू करू."

तिनं पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. एकदा त्यांच्या वाढदिवसाला, एकदा दवाखान्यात. दोन्ही वेळा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कापरा, हलका हात. ते गेले, तेव्हाही त्यांच्या लेखी ती कड अखंडच होती.