लोर्नाचे चाळीस डॉलर

कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा सरकारनं लोर्ना किवेलाला दोन गोष्टी दिल्या: एक सहानुभूतीचं पत्र आणि कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकायला एका सत्राची फी. सहानुभूतीला मुदत नव्हती, फीला होती. नापास झाली तर तेच सत्र पुन्हा, स्वतःच्या पैशानं. आणि स्वतःचे पैसे हा लोर्नाच्या घरी सध्या तात्त्विक विषय होता.

शेवटच्या परीक्षेला एक छोटी बँक लिहायची होती. पैसे भरायचे, काढायचे, एका खात्यातून दुसऱ्यात पाठवायचे. सगळं स्क्रीनवर, सगळं खोटं. पण त्यांचा मास्तर डेसमंड स्वतः काही तपासत नसे. शेजाऱ्यानं तुमच्या खुर्चीत बसायचं आणि तुमची बँक बुडवायची. बुडाली, तर ती का बुडाली हे तास संपायच्या आत तुम्ही सांगायचं. सांगितलं तर पास. बुडालेल्यानं वर्गाला डोनटही आणायचे, पण तेवढं अभ्यासक्रमात छापलेलं नव्हतं.

लोर्नाचा शेजारी गस टार्नोव्स्की, गिरणीतलाच.

"मी उभा जन्म यंत्रं मोडली, तीही पगार घेऊन," तिच्या खुर्चीत ऐसपैस बसत गस म्हणाला. "तुझी बँक काय टिकतेय."

"मोडून दाखव. आणि कोपर सांभाळ, कॉफी आहे तिथे."

गसनं खात्यात नसलेले पैसे काढून पाहिले. बँकेनं नकार दिला. उणे पन्नास डॉलर भरून पाहिले. नकार. रकमेच्या जागी स्वतःचं आडनाव घातलं. स्क्रीनवर आलं, 'ही रक्कम होत नाही.'

"माझे सासरेही हेच म्हणाले होते," गस म्हणाला.

लोर्नाला हायसं वाटायला लागलं. गसचं डोकं चालेनासं झालं होतं, म्हणून त्यानं नुसता चाळा केला: लोर्नाच्या खात्यात शंभर डॉलर होते, त्यातले चाळीस त्यानं लोर्नाच्याच खात्यात पाठवले.

शिल्लक: एकशे चाळीस.

"बुडाली," गस म्हणाला, पण फारसा खूश दिसला नाही. मग हळूच वाकला. "एक ओळ लिही. स्वतःला पैसे पाठवायला मनाई. भोक बुजलं."

"पण चाळीस आले कुठून?"

"कुठून का येईनात. गिरणीतून तर नाही आले."

लोर्नानं आणखी चाळीस पाठवले. एकशे ऐंशी. पुन्हा पाठवले. दोनशे वीस. मागे गर्दी जमली. कुणीतरी अदबीनं विचारलं, बँक कर्ज देते का.

"भोक बुजवून पास होता येणार नाही," डेसमंड घड्याळाकडे बघत म्हणाला. "का, ते सांगावं लागेल, लोर्ना. वीस मिनिटं उरलीत."

लोर्ना फळ्यापाशी गेली, मोठ्या अक्षरात शंभर लिहिलं आणि गसला हाक मारली.

"तू पैसे काढणारा. मी भरणारी. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोघं आधी शिल्लक वाचून ठेवतात. वाच."

"शंभर."

"मीही वाचलं, शंभर. आता तू चाळीस वजा कर आणि लिही."

गसनं शंभर पुसून साठ लिहिलं. लोर्नानं साठ पुसलं, लिहिलं एकशे चाळीस, आणि हात तसाच फळ्यावर ठेवून थांबली.

"तुझं साठ मी बघितलंच नाही. मी आपली मघाचं शंभर धरून बसले. दोन खाती असली तर फळेही दोन, काही बिघडत नाही. इथे फळा एकच."

"पाळी बदलताना कागदाचे रोल मांडायच्या पाटीवर आपण हेच करायचो," गस म्हणाला.

"तू करायचास."

"म्हणून आपला कागद नेहमी जास्त निघायचा."

"पाटीवर," लोर्ना म्हणाली.

भरणाऱ्यानं लिहिण्याआधी शिल्लक पुन्हा वाचायची, एवढंच बदललं आणि लोर्नाचे शंभर शंभरच राहायला लागले. डेसमंडनं तिच्या नावापुढे 'पास' लिहिलं. लोर्ना अजून फळ्यापाशीच.

"समजा, दोन माणसं दोन गावांतून एकाच क्षणी माझ्या खात्यात पैसे भरतायत. दोघं शंभरच वाचणार ना? मग एकाचे पैसे जातात कुठे?"

"ते पुढच्या सत्रात."

"थोडक्यात सांगा ना."

"थोडक्यात सांगायला एक सत्र लागतं."

त्याच दुपारी लोर्नानं गसची बँक पहिल्याच झटक्यात बुडवली. ती का बुडाली हे गसला अजून कळलेलं नाही.

नव्या सत्राची फी भरायच्या रांगेत तो उभा होता, तर पुढे लोर्ना. हातात हप्त्यांचा अर्ज. बर्फावर पळवायची स्नोमोबाइल तिनं आदल्याच दिवशी विकली होती.

"मी नापास झालो म्हणून इथे आहे," गस म्हणाला. "तू का?"

"मी पास झाले म्हणून," लोर्ना म्हणाली, आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकली.