बंदुकीचा फरा

उंबरकोंडात महिपत खोताशी कोणी बांधावर उभं राहून भांडत नसे. भांडायचंच असेल तर त्याच्या ओटीखाली उभं राहायचं, मान खाली घालायची आणि मग काय ते पुटपुटायचं, अशी रीत. खोती कायद्यानं कधीच बुडाली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! त्या भाद्रपदात मात्र बौद्धवाडीच्या चंद्रभागेनं ही रीत मोडली. तीही भल्या सकाळी, गुडघाभर चिखलात उभी राहून, कासोटा खोचून.

कारणही तसंच होतं. रानडुकरांनी तिच्या वरच्या खाचरात धुडगूस घातला होता. पोटरीला आलेलं भात निम्मं लोळवलं होतं आणि निम्मं चघळून टाकलं होतं. बांधाला तर अशी भोकं पाडली होती की सगळं पाणी खालच्या पऱ्याला, ओढ्याला लागलेलं. आणि डुकरांवर धरायची बंदूक पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात कोपऱ्यात उभी होती.

बंदूक तिच्या सासऱ्याची, भिकाजीची. जुनी विलायती दुनळी. चापाच्या वरच्या पत्र्यावर दोन उडती पाखरं कोरलेली, दस्त्याला चीर गेलेली आणि चिरीवर तांब्याची तार आवळलेली. भिकाजी श्रावणात गेला. परवाना त्याच्या नावाचा, म्हणून बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. चंद्रभागेचा नवरा श्रीपत मुंबईला गोदीत. बापाचं कार्य उरकून परत जाताना तो म्हणाला, "बंदूक तुज्याच नावावर चढव. मी हितं कुठं ऱ्हातो?" तिनं अर्ज केला. आणि लगोलग महिपत खोतानं ठाण्यात जाऊन सांगितलं, की बंदूक आमच्या घरची. आमच्या आज्यानं भिकाजीच्या बापाला, चांगूला, शेताच्या राखणीसाठी दिलेली. परवाना राखणदाराचा असला तरी माल मालकाचा!

त्या सकाळी महिपत छत्री टेकत बांधाबांधानं आला. कशेडीच्या घाटात त्याचे दोन ट्रक पळत, त्यामुळे डुकरांचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं.

"काय गो चंद्रे, डुकरं आली व्हती वाटतं?"

"आली व्हती. जाताना तुमची वळख सांगून गेली."

"तोंड सांभाळ."

"तोंड सांभाळाया बंदूक लागत नाय, भात सांभाळाया लागते. खोटा दावा मागं घ्या, महिपतराव. मेल्या माणसाच्या सरणाची राख निवली नाय अजून."

महिपत हसला. वरच्या बांधावर उभा असलेला माणूस खालच्याकडे बघून हसतो तसाच हसला. "खोटा? मंग तू खरं सांग. तुमच्या वाडीत विलायती दुनळी आली कुठनं? आभाळातनं पडली? का कुणाची उचलली?"

अठरा वर्षं या घरात तिनं ती बंदूक खोबरेल लावून पुसली होती, पण ती आली कुठून हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. ठाण्यातल्या फौजदारानंही हेच विचारलं. "कागदावर फक्त परवाना आहे बाई. बंदूक मुळात कुणाची, ते कागद सांगत नाही. मी गावात येतो. चार जुनी माणसं बसवा, त्यांच्या तोंडून ऐकतो." खोताच्या गावात चार जुनी माणसं कुणाच्या बाजूनं बोलणार, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

बंदूक गेली तर एकटं भात जाणार नव्हतं. सासरा चोर ठरणार होता, आजेसासरा चोर ठरणार होता, आणि वाडीतल्या पोरासोरांना जन्मभर ते ऐकावं लागणार होतं. चंद्रभागा घरी आली, चूल विझवली आणि सरळ उमरठची वाट धरली.

उमरठला भिकाजीची थोरली बहीण, जानकीबाई. सत्तरी ओलांडलेली, दात गेलेले, पण जीभ अशी की समोरच्याचे दात पडावेत. ओटीवर कुळीथ पाखडत बसली होती.

"आत्याबाय, आपली बंदूक कुणाची?"

"माज्या बापाची. आनि कुणाची?" म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "का गो, कोन मेला इचारतोय?"

चंद्रभागेनं सगळं सांगितलं. म्हातारीनं आधी महिपतच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग गूळपाणी दिलं, मग सांगायला बसली.

"बाबा पलटनीत हवालदार. नेम असा, की सायब शिकारीला जाताना त्यालाच संगती न्यायचा. पलटन मोडली, सायब विलायतेला निघाला. निघताना म्हनला, चांगू, काय पायजे ते माग. बाकीच्यांनी नोकरीच्या चिठ्ठ्या मागितल्या, जमिनी मागितल्या. बाबा म्हनला, ही बंदूक द्या. घरी आला तं आयनं डोसकं आपटून घेतलं. म्हनली, जमीन सोडून लोखंड मागितलंस? तवा बाबा म्हनला, जमीन दिली असती तं खोतानं दोन वर्सांत गिळली असती. ही गिळून दाखवू दे म्हनावं!"

चंद्रभागेला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. या चांगूचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, पण त्या क्षणी तिला तो सख्ख्या बापाहून जवळचा वाटला.

"पन आत्याबाय, हे मानील कोन? सायब गेला विलायतेला नि तुमी पडलात घरच्या."

"मंग फऱ्याचं इचार की! बंदुकीचा फरा कुणाच्या घरी जायाचा, ते गावालाच इचार."

आता हा फरा म्हणजे काय ते सांगायला हवं. उंबरकोंडात डुक्कर पडलं की वाघजाईच्या कातळावर वाटे व्हायचे. रान उठवायला हाक्याला आलेल्या प्रत्येकाला एक वाटा, कुत्र्यालासुद्धा एक. ज्याच्या गोळीनं पडलं त्याला मुंडी. आणि फरा, म्हणजे मांडीसकट मागचा एक अख्खा पाय, बंदुकीचा. गोळी कोणीही घालो, फरा जायचा बंदुकीच्या मालकाकडे. कातळावर गाव गोल करून उभा राही. वाडीची माणसं मात्र खाली पऱ्यात उभी राहत. बंदूक वर जायची, बंदुकीचा धनी खालीच.

चंद्रभागा एकदम थंड पडली. "आत्याबाय, फरा तं खोताकडं जातो. मी लगीन होऊन आले तवापासनं बघत्ये."

"जानारच! तुज्या सासऱ्यानंच फिरवला ना!" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आपन धर्म बदलला त्या सालची गोस्ट. लय ग्वाड झालं, मी बी दीक्षा घेतली. मेलेली ढोरं वढायची सोडली, दारोदार भाकरी मागायची सोडली. गावाकडनं येयाचं ते समदं बंद केलं. भिका तं निखारा झालेला. तशात वाटं करनारा सोमा फरा घेऊन आला. भिका म्हनला, तुमचा तुकडा आमच्या दारात नको. मी हुते तितं. म्हनलं, भिका, ह्यो तुकडा नाय रे, ह्यो बंदुकीचा मान! आयकतो कुठं? म्हनला, गावाच्या हातनं आलं ते समदं एकच."

परतीच्या वाटेवर चंद्रभागेला सासऱ्याचा राग आला आणि त्याच दमात त्याचा अभिमानही वाटला. मान ताठ ठेवायला गेला आणि स्वतःचाच हक्क उकिरड्यावर टाकून आला भला माणूस! आणि नंतर लाजेनं घरात त्या फऱ्याचं नावही काढलं नाही.

वाडीत तिनं ही गोष्ट काढली तेव्हा दत्ताराम गुरुजी अस्वस्थ झाले. गुरुजी कापडे गावच्या शाळेत शिकवायचे. वाडीत त्यांचा शब्द चाले.

"वहिनी, चारचौघांत तो वाटा काढू नका. आपण गावाचं खात होतो, हे आपणच ओरडून सांगायचं? विसरायला वीस वर्षं लागली."

"गुरुजी, मागून खाल्लं ते येगळं नि हक्काचं खाल्लं ते येगळं. लाजेपायी आपन दोनी एकाच खड्ड्यात पुरलं. मी त्यातलं आपलं तेवढं उकरून काढनार."

गुरुजींना ते पटलं नाही. पण चौकशीच्या दिवशी तिच्याबरोबर चावडीवर आले.

चावडीत फौजदार खुर्चीवर, महिपत शेजारच्या बाकावर, गाव घोंगड्या टाकून बसलेला. चंद्रभागा दारातल्या खांबाला टेकून उभी. फौजदारानं बंदूक समोर टेबलावर ठेवली होती. महिपत घसा खाकरून उठला आणि त्यानं नेमकं तेच काढलं.

"सायब, साक्षी कशाला? आमच्या गावाची रीतच साक्षी. बंदुकीचा फरा बंदुकीच्या मालकाला जातो. इचारा कुनाला बी, फरा कुणाच्या घरी येतो?"

"खोतांच्या," गाव एका आवाजात म्हणाला. खोटं कोणीच बोललं नव्हतं. फौजदारानं चंद्रभागेकडे पाहिलं.

चंद्रभागा पुढं झाली. "महिपतराव, तुमच्या ओटीवर डुकराचं सुळं लटकतात. त्यो एकांडा डुक्कर कुणी मारला व्हता?"

"माज्या बापानं! सारा मुलूख सांगतो. ह्याच बंदुकीनं मारला." दर शिमग्याला ती गोष्ट सांगून महिपतनं गावाचे कान किटवले होते.

"म्हंजे मुंडी तुमच्या घरी गेली."

"जानारच."

"नि फरा?"

"फरा बी आमच्याच घरी. बंदूक आमची, फरा दुसरीकडं कसा जाईल?"

चंद्रभागा वळली. भिंतीला टेकून सोमा म्हातारा बसला होता. चाळीस वर्षं कातळावरचे वाटे त्याच्या कोयत्यानं झाले होते. गडी मराठा, खोताच्या जमिनीत राबणारा, खोतापुढं शब्द न काढणारा. पण वाट्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही बोटभर जास्त द्यायचा नाही.

"सोमाबाबा, बंदूक कुणाची ते मी इचारत नाय. त्या दिशीचं वाटं तुमी केलंत. फरा कुठं नेलात तेवढं सांगा."

सोमानं घोंगडं अंगाभोवती आवळून घेतलं. महिपत म्हणाला, "म्हातारा झालाय त्यो. त्याला काय आठवतंय?"

"नसंल आठवत," चंद्रभागा म्हणाली. "मंग वाटा चुकला असंल. चालायचंच. सोमाबाबाच्या हातनं वाटा चुकला, असं म्हनू नि सोडून देऊ."

"कुनाचा चुकला?" सोमा ताडकन उठला. अंगावरचं घोंगडं खाली पडलं. "माज्या हातचा वाटा कंदी चुकला नाय! मुंडी थोरल्या खोतास्नी नि फरा चांगू हवालदाराला! सागाच्या पानात गुंडाळून मी सोता वाडीत नेला. थोरलं खोत म्हनलं, सोमा, फरा हितंच ठेव. मी म्हनलं, मालक, बंदूक मागून आनलीत, तिचा फरा तिच्या धन्याला गेलाच पायजे. न्हायतं वाघजाई कोपंल."

महिपतचं तोंड मिठाच्या पाण्यानं चूळ भरल्यासारखं झालं.

"मग आता फरा खोतांकडे कसा?" फौजदारानं विचारलं.

"भिकाजीनं फिरवला, सायब. बंदुकीचा वाटा रानात टाकता येत नाय. म्हून खोताच्या ओटीवर नेऊन ठेवला. त्यांनी घेतला. पोरांनी तेवढंच बघितलं, तेच खरं मानलं." एवढं बोलून सोमा मटकन बसला. आपण काय करून बसलो ते आता त्याच्या लक्षात आलं होतं, पण बोललेला शब्द मागं घ्यायची त्याला सवय नव्हती.

फौजदारानं टोपी चढवली. "डुकराच्या मटणाचं मी काही ऐकलं नाही. बंदुकीचं ऐकलं. बाई, परवान्याचं मी लिहून पाठवतो."

लोक उठू लागले. महिपतला मात्र शेवटचा शब्द आपला हवा होता. "बरं हाय, चंद्रे. फुडल्या टायमाला फरा धाडून देतो. तुज्या आजेसासऱ्याला धाडायचे तसा, पानात गुंडाळून. दार उघडं ठेव." दोघं-तिघं फिदीफिदी हसले. दत्ताराम गुरुजींची मान खाली गेली.

चंद्रभागा जागची हलली नाही. "दारात नको, महिपतराव. दारात आनलेलं आमी वीस वर्सांमागं सोडलं, ते सोडलंच. वाट्याला मी सोता येनार. खाली पऱ्यात नाय, वर कातळावर."

दसरा झाला, परवाना आला, बंदूक घरी आली. आणि डुकरांनाही काय बुद्धी सुचली, त्यांनी आता खोताचाच मळा धरला. कापणीला आलेलं भात डोळ्यांदेखत आडवं होताना पाहून महिपतनं निरोप धाडला. चंद्रभागेनं बंदूक दिली नाही, बंदूक घेऊन स्वतःच हाक्याला गेली. नेम वाडीतल्या मोरूनं धरला. भलंथोरलं डुक्कर पडलं.

कातळावर गाव गोल करून उभा राहिला. सोमानं कोयता पाजळला. मोरू आणि वाडीचे चौघेजण सवयीनं पऱ्यात थांबले. चंद्रभागा थांबली नाही. खांद्यावर बंदूक, पाय अनवाणी, ती कातळ चढून वर आली. तिच्या मागून दत्ताराम गुरुजी आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आले. मग मोरू आला.

"बायामानसांनी कातळावर येऊ नये," कोणीतरी म्हणालं.

"बाईमानूस म्हून नाय आले. बंदूक म्हून आले."

गोलात जागा नव्हती. माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि तिच्या नेमका समोर महिपत. सोमानं कोयता हातात धरून वर पाहिलं. गोल पुरा झाल्याशिवाय तो पहिला घाव घालत नसे.

"सरका जरा, महिपतराव," चंद्रभागा म्हणाली. "उभं ऱ्हायाला जागा पायजे."

महिपतनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. त्याच्या बाजूनं कोणी बोलेना. सोमाचा कोयता तसाच हवेत होता. खालच्या मळ्यात त्याचं उरलंसुरलं भात उभं होतं आणि रानात अजून डुकरं होती.

महिपत सरकला.