उजव्या बाजूची झोळी

मी कवळ्या बनवतो. आमच्या कामाच्या खोलीत सात टेबलं, सात गॅसचे दिवे आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. अकरा वर्षं मी तिथे सायकलने जातो. डॉक्टर मॅडमचा दवाखाना माझ्या घराच्या अलीकडे दोन गल्ल्यांवर, त्यामुळे त्यांचा माल संध्याकाळी घरी जाताना पोचवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

दोन्हीकडे माझी ख्याती फारशी बरी नाही. किल्ली दिली की कटकट वाजणारी कवळी मी एकदा मॅडमच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. आमच्या कामाच्या खोलीच्या मालकीणबाईंच्या चष्म्याच्या घरात पण एकदा वरची बत्तीशी निघाली. मी खोलीत असलो की लोक खुर्ची बघून बसतात. आपल्याला काय, तेवढंच त्यांचं लक्ष कामात राहतं.

तर, ताई. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आमच्या समोरच्याच दारात राहते. मला सगळे उपद्व्याप हिनेच शिकवले आणि शिकवून झाल्यावर माझं नाव टिवल्या ठेवलं. हसायची अशी की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. हसली की पुढचा एक दात आधी दिसायचा, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असल्यासारखा. हिवाळ्यात हिरड्यांचं निमित्त झालं आणि तीन महिन्यांत सगळे दात गेले. तेव्हापासून ती तोंडासमोर हात धरून बोलायची. जेवायची स्वयंपाकघराचं दार लावून. हसायचं तर नावच नको.

तिची कवळी मीच घेतली करायला. पक्की करण्याआधी मेणाची करतात. खाली प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेण, मेणात रोवलेले दात. पेशंटच्या तोंडात घालून बघायची, जमली की मेणाच्या जागी पक्का माल भरायचा. मी दोन दिवस खपून दात अगदी दोरी लावून बसवले. मग डबा नेहमीसारखा पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला आणि निघालो.

दवाखान्यात ताई खुर्चीत बसलेली. मॅडमनी बघितलं न बघितलं करत कवळी साच्यावरून उचलली आणि तिच्या तोंडात घातली, हातात आरसा दिला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे एका बाजूला कलंडतात, तसे पुढचे सहाही दात डावीकडे कलंडले होते.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहो, सख्खी बहीण आहे ना तुमची?"

"आईशप्पथ मॅडम, मी काही केलं नाही."

"मागच्या वेळी पण आईशप्पथच म्हणाला होतात. मग माझ्या ड्रॉवरमधून दात वाजले."

ताई आरशात जरा वेळ बघत राहिली. मग कवळी काढून तिने ट्रेमध्ये ठेवली, तोंड पुसलं आणि हाताआडून म्हणाली, "टिवल्या, माझ्या दातांची पण गंमत केलीस?"

आणि गेली. घरी माझ्या बायकोला सांगून टाकलं, आता मी त्या खुर्चीत बसणार नाही, आहे तशी बरी आहे. मॅडम म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी एकदा आणा, त्यांना आणायचं काम तुमचं. बुधवारपासून त्या दीड महिना सुट्टीवर.

त्या संध्याकाळी बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर सॅक उतरवली आणि पाठीकडच्या बाजूला हात लावला. तापलेली इस्त्रीच. पक्क्या कवळ्यांना तिथे काही होत नव्हतं, त्या कशानेच बिघडत नाहीत. मेणाचा माल यापूर्वी नेला तो थंडीत. या वेळी ऊन आणि माझी पाठ यांनी मिळून ताईचे दात सरकवले होते. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, पण खरं काय ते सांगा ना."

घ्या.

दुसऱ्या दिवसापासून मी फळीवरचे मेलेले जबडे घेऊन जायला लागलो. मेलेले म्हणजे ज्यांच्या मालकांच्या कवळ्या होऊन गेल्यात असे. त्यांच्यावर मेण, मेणात उरलेसुरले दात.

पहिल्या दिवशी डबा कॅरिअरवर रबरी पट्ट्यांनी आवळला. पाठीची ऊब नाही, वारा लागतोय, मी खूश. तिसऱ्या स्पीडब्रेकरला टक्क आवाज आला. घरी जाऊन उघडला तर जबड्याचे दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी पिशवी हँडलला अडकवली. ती झोके खात माझ्याच गुडघ्यावर आपटत होती, आणि दवाखान्यापर्यंत एक सुळा मोकळा होऊन डब्यात खुळखुळायला लागला. तिसऱ्या दिवशी पुढची जाळीची टोपली. तिथे ऊन थेट, शिवाय सायकलच्या अंगातली सगळी थरथर तिथे जमा होते. मेण पण गेलं आणि साचा पण.

कामावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, डोक्यावर ठेव, रिकामंच असतं. मालकीणबाई म्हणाल्या, "मेण वेगळं न्या, साचा वेगळा न्या."

"साच्यावरून काढलं की मेण वाकतं, बाई."

"मग रिक्षाने जा."

"रिक्षात बसून मांडीवर घेतलं तरी ऊबच. आणि त्या रस्त्यावर रिक्षा कॅरिअरपेक्षा जास्त उडते."

त्यांनी चष्म्याचं घर उघडून आत बघितलं, मग चष्मा घातला.

शुक्रवारी सायकलच्या दुकानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्याला सगळे हवाकाका म्हणतात. तो एक चाक सरळ करत बसला होता.

"काय न्यायचंय?"

"बहिणीचे दात."

त्याने मान वर केली नाही. "अख्खी बहीण असती तर कॅरिअर बरं होतं. नुसते दात म्हणजे अवघड."

मी सगळं सांगितलं. पाठ धक्का खाते पण तापते. कॅरिअर तापत नाही पण धक्का जसाच्या तसा पोचवतं. हवाकाका चाक फिरवत ऐकत होता.

"तान्हं पोर कशात झोपवतात?" त्याने विचारलं.

"झोळीत."

"मग?"

कॅरिअरच्या बाजूला अडकवायची कॅनव्हासची मोठी पिशवी त्याने काढली. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, पिशवीच्या तोंडाशी चार बाजूंनी बांधल्या आणि मध्ये डबा टांगला. डबा कुठेच टेकत नव्हता. बोटाने ढकलला तर वरखाली झाला आणि थांबला.

"कुठल्या बाजूला लावू?" तो म्हणाला. "ऊन कुठून येतं तुला?"

"सकाळी एकीकडून येणार, संध्याकाळी दुसरीकडून."

"हात बघू."

मी दोन्ही हात पुढे केले. डावा उजव्यापेक्षा चांगलाच काळा. सकाळी मी दक्षिणेला जातो तेव्हा सूर्य डावीकडे, आणि संध्याकाळी उत्तरेला परततो तेव्हाही डावीकडेच. अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"उजवीकडे लाव," मी म्हणालो. सायकल कलू नये म्हणून डावीकडे माझा जेवणाचा डबा आणि एक वीट. शनिवारी एक मेलेला जबडा जाऊन-येऊन चौदा किलोमीटर फिरवला. जसाच्या तसा.

आता ताई. रविवारी मी तिचं दार वाजवलं आणि म्हणालो, खाली ये, एक दाखवायचंय. ती चार पावलं लांब उभी राहून पिशवीकडे बघत होती.

"आत काय सोडलंयस? बेडूक?"

"काही नाही गं. झोळी आहे, तुझ्या दातांसाठी."

तिने आधी पिशवी काठीने टोचली. मग झाकण उचललं. रिकामा डबा बोटाने दाबला, तो वर आला. परत दाबला. असं पाच-सहा वेळा. मी कॅरिअर, हँडल, टोपली सगळं सांगितलं, जबड्याचे तुकडे पण दाखवले. माझ्यावर विश्वास बसला असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही.

"येते मंगळवारी," ती हाताआडून म्हणाली. "पण तू बाहेर बसायचंस. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

सोमवारी मी ताईचे दात मेणात परत सरळ बसवले. मंगळवारी सात किलोमीटर असा गेलो की चालणारी माणसं मला मागे टाकत होती. एका म्हातारीने विचारलं, बरं वाटत नाही का रे? खड्डा दिसला की उतरत होतो. दवाखान्यात मॅडमनी डबा उघडला, डोळा बारीक करून दातांची रांग बघितली आणि मला दार दाखवलं. मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडंच होतं.

आत ट्रेचा खणखणाट झाला. मग मॅडम म्हणाल्या, "छान बसलीय की. आवडली नाही का?"

ताई म्हणाली, "चांगली आहे. पण ही बाई कोण?"

"म्हणजे?"

"सगळे दात कवायतीला उभे आहेत." आरसा खाली ठेवल्याचा आवाज आला. "परवाची वाकडी होती ना, त्यात तो एक दात बरोबर होता. माझा होता तसा. शेजारच्यावर रेललेला. बाकीचं सगळं ध्यान होतं, पण तो बघितला आणि मला काही सुचेना, म्हणून निघून गेले. टिवल्या, आत ये."

मी आत गेलो. तिचा हात मांडीवर होता.

"तो दात मुद्दाम केलास ना तू? माझ्यासाठी?"

आठ दिवस मी बायकोला, मॅडमना, अख्ख्या कामाच्या खोलीला शपथेवर सांगत होतो की मी काही केलं नाही. एकानेही मानलं नव्हतं.

"मग काय," मी म्हणालो. "बाकीचे पाच चुकून सरकले."

ताई हसली. मेणाची कवळी खाली घसरली, ती तिने अंगठ्याने वर ढकलली आणि परत हसली. मॅडम ओरडल्या, "अहो, हसू नका, मेण आहे!" मग त्यांनी सुरी दिव्यावर तापवली आणि ताई सांगेल तसा तो एक दात शेजारच्यावर रेलवला. जरा अजून. जरा कमी. हां.

रात्रभर डबा आमच्या फ्रीजमध्ये होता. बायकोने दूध शोधताना तो उघडला आणि परत बंद केला. सकाळी उजवीकडच्या झोळीतून कामावर नेला. डब्यावर चिठ्ठी डकवली होती: "पुढचा एक दात वाकडा आहे, तसाच ठेवणे."

हात धुऊन येतो तर मालकीणबाई माझ्या टेबलाशी. एका हातात ताईची कवळी, दुसऱ्यात तापलेली सुरी.

"हात लावू नका!" मी ओरडलो. "चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली. अक्षर तुमचं आहे."

"खरंच तसाच ठेवायचाय, आईशप्पथ."

त्यांनी सुरी दिव्यावरच धरून ठेवली आणि मॅडमच्या घरी फोन लावला. दोन मिनिटं नुसतं हं हं चाललं होतं. मी सुरीवर नजर ठेवून उभा. शेवटी त्यांनी फोन ठेवला, सुरी ठेवली आणि कवळी साच्यावर परत बसवली.

"खरं आहे म्हणे," त्या म्हणाल्या, आणि बसण्याआधी त्यांनी खुर्ची बघितली.