डावे हात

सुषमाबाईंच्या डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून खुपत होते, आणि त्या माझ्या. बी.एड.च्या सरावासाठी कॉलेजने मला पांडेसऱ्याच्या कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या एका मराठी शाळेत धाडलं. सहावीचा वर्ग या बाईंचा. माझं पाठाचं टाचण त्या दोन बोटांत असं धरायच्या, जणू माशी पडलेला चहा.

“विशाखा, हे काय? ‘प्रत्येक मुलाला बोलतं करणे’! तुम्हा लोकांना बोलायची भारी हौस.”

तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, ते मला बरोबर कळायचं. माझं आडनाव विचारून झाल्यापासूनच त्यांचं हे सुरू होतं. कॉलेजने ‘माझी शिक्षणदृष्टी’ म्हणून एक पान लिहायला लावलं होतं. मी लिहिलं, मूल हे उमलतं फूल वगैरे. बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे खो खो हसले. पान गुळगुळीत होतं हे खरं, पण त्यांनी हसावं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटच्या पाठाच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गाची तालीम घेतली.

“उद्या तपासायला साहेब येतील. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. आणि विशाखा, तू फक्त उजव्यांना उठवायचं.”

मुलांना काहीच नवल वाटलं नाही. दर वर्षी हेच चालायचं म्हणे. छाया नावाची मागच्या बाकावरची पोरगी तर डावा हात आधीच वर करून बसली होती.

“मग डाव्यांना शिकवायचं कधी?” मी विचारलं.

“आधी पास हो. मग पाजळ अक्कल.”

पास व्हायलाच हवं होतं मला. या पाठात नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि घरात मला पुन्हा शिकवायची भाषा कोणी केली नसती. मामाने पर्वत पाटियाच्या बाजारात साडीच्या दुकानात माझ्यासाठी जागासुद्धा बघून ठेवली होती. मी दात-ओठ खात टाचण पिशवीत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सुषमाबाईंनी टेबलावर घरचा भरतकामाचा टेबलक्लॉथ अंथरला होता, त्यावर फुलं, पाण्याचा ग्लास. मी साडी सावरत अपूर्णांक सुरू केले.

“एक छेद दोन मोठा की एक छेद चार?”

सगळे हात वर! साहेब खूश. पहिल्या बाकावरच्या हिलालचा उजवा हात माझ्या नाकासमोर नाचत होता, त्याचं उत्तर कालपासून पाठ होतं. बाई डोळ्यांनी मला त्याच्याकडेच ढकलत होत्या. त्या डोळ्यांचीच मला चीड आली. डोक्यात सणक गेली माझ्या!

“छाया, तू सांग.”

छाया उभी राहिली. तिचा डावा हात वरच राहिला होता.

“बाई, माले समजनं नही.”

“मग हात का वर केलास?” साहेबांनी विचारलं.

“घाबरली ती, सर!” सुषमाबाई मध्येच पडल्या.

“घाबरली नाही ती,” मी म्हटलं. “तिला येत नाही. आता येईल.”

टेबलावरची फुलं आणि ग्लास मी खिडकीत ठेवला आणि टेबलक्लॉथ ओढून काढला. बाईंच्या तोंडातून ‘अगं अगं’ निघालं, मी ऐकलंच नाही. छायाची आई साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जाते, पोरीला घडी घालणं काय सांगायचं! एक घडी, अर्धा. दुसरी घडी, पाव. ती अडली, पुन्हा उलगडलं. पुन्हा अडली. टाचण तिकडे बोंबलत पडलं. मागचे आणखी दोघे-तिघे डावे उठून आले, त्यांनीही घड्या घातल्या.

“पाव एवढासाच?” छाया एकदम ओरडली. “मंग अर्धाच मोठा शे!”

आणि घंटा झाली.

साहेबांनी सगळ्या वर्गादेखत मला झापलं. “टाचणातलं निम्मंही झालं नाही. एका मुलीपायी वर्ग वेठीला धरला तुम्ही. शिक्षणदृष्टी कागदावर ठीक असते, मॅडम. खरं तर नापासच करायला हवं.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “पण चूक समजली असेल, तर काठावर पास करतो. समजली ना चूक?”

एका बाजूला साडीचं दुकान. समोर छाया, हातात बाईंचा चुरगळलेला टेबलक्लॉथ.

मी हात वर केला. डावा. चांगला ताठ.

“शाब्बास!” साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही ठोकली.

मागचा बाक फिस्सकन हसला. सुषमाबाईंचं तोंड उघडलं, साहेबांकडे वळलं आणि तसंच मिटलं. सांगणार तरी काय होत्या त्या!