बालवर्गातली झोप

आमच्या चर्चची शाळा म्हणजे डोंगराच्या खांद्यावरच्या पत्र्याच्या तीन खोल्या. त्यांतली मोठी खोली बालवर्गाची, आणि बालवर्ग फिदालियाचा. सगळं गाव तिला काँग म्हणायचं, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. गावातल्या निम्म्या लोकांचा शेंबूड तिनं पुसला होता. पूर्वी तिच्या जोडीला एक तरुण बाई होती. ती शिलाँगला नोकरी लागली म्हणून गेली, आणि दोन्ही तुकड्यांची पोरं फिदालियाच्या एकाच खोलीत येऊन बसली.

घरीही उसंत नव्हती. बहिणींत ती धाकटी, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे आईचं घर तिच्याकडे आलं आणि आईही. म्हातारी दिवसभर झोपायची आणि रात्री मेलेल्या माणसांची वाट पाहायची. "दार उघड गं, मामा आलाय." फिदालिया उठायची, दार उघडून बाहेरचं धुकं दाखवायची, पुन्हा लावायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

त्यात कमिटीनं त्या वर्षी बालवर्गापासून इंग्रजी सुरू केलं. आमची खासी मुळाक्षरंही रोमन लिपीतलीच, पण त्यांत बीनंतर के येतो. सकाळी तसं घोकलेली पोरं दुपारी ए, बी, सी म्हणताना अडखळायची.

"काँग, के कुठे गेला?" इबाशीशानं विचारलं. बाजारात तांदळाच्या पांढऱ्या भाकऱ्या विकणाऱ्या सिल्बीची ही चार वर्षांची मुलगी.

"पुढे गेलाय. भेटेल," फिदालिया म्हणाली. याहून जास्त समजावायचं त्राण तिच्यात नव्हतं.

ऑक्टोबरातला बाजाराचा दिवस होता. पोरांचे डबे झाले, प्रार्थना झाली. फिदालियानं सगळ्यांना बाकांवर डोकी टेकायला सांगितलं आणि स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. पाठीवर ऊन येत होतं. क्षणभर डोळे मिटावेत म्हणून तिनं मिटले.

जाग आली ती कुणीतरी खांदा हलवल्यानं. समोर सिल्बी उभी होती, कमरेचा फडका पिठानं माखलेला. तिच्या हाताला इबाशीशा.

"काँग, उठा," सिल्बी हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यातली ही एक बाजारात आली होती. ट्रकांच्या रस्त्यानं. सुपारीवालीनं धरून आणली माझ्याकडे."

फिदालियानं खोलीभर पाहिलं. फरशीवर सगळीकडे खडूच्या रेघा होत्या. तिची शाल कुणीतरी तिच्याच पायांवर पसरली होती. एक पोरगी तोंडावर बोट ठेवून बाकीच्यांना गप्प करत होती. फिदालियानं इबाशीशाला जवळ ओढलं, तिचे हात-पाय चाचपले. मग उठून खोलीतली सगळी डोकी मोजली.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. सिल्बीलाही बोलावलं होतं. सेक्रेटरी बाह किर्मेन, म्हणजे किर्मेनदादा, भला माणूस. त्यानं फिदालियाला आधीच बाजूला घेतलं.

"काँग, चक्कर आली म्हणा. या वयात कुणालाही येते. विषय मिटेल."

"चक्कर नव्हती आली, बाह. झोप लागली."

"ते मला माहीत आहे हो."

"मग त्यांनाही माहीत असू दे."

आणि आत जाऊन तिनं सगळ्यांसमोर तेच सांगितलं. रडली नाही, आईचं कारणही पुढे केलं नाही. मग किर्मेननं सिल्बीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे, सिल्बी?"

"पोरगी चाकाखाली गेली असती तर मी यांना सोडलं नसतं," सिल्बी म्हणाली. "पण मला घरी एक आवरत नाही. तिथं खोलीभर आहेत. दुसरी बाई कधी देताय?"

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत या पुन्हा झोपतील. मी सांगते ना. डोळे बघा त्यांचे."

फिदालियानं मान खाली घातली. आपल्याबद्दल इतकं खरं कुणी बोलल्याला फार दिवस झाले होते.

"माझ्या भाकऱ्या दुपारपर्यंत संपतात," सिल्बी म्हणाली. "दुसरी बाई मिळेपर्यंत त्यानंतर मी येऊन बसेन. मला वाचता येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

ती खरंच यायला लागली. पहिल्या आठवड्यात पोरांनी तिच्याकडून दोन शिव्या उचलल्या आणि पाळकांच्या नातवानं त्यातली एक जेवताना वापरली. फिदालियाला एक काम वाढल्यासारखंच झालं. पोरांबरोबर सिल्बीलाही आवरायचं. घरी म्हातारी रात्री तशीच हाका मारत होती. शिलाँगला राहणाऱ्या थोरल्या बहिणींनी नाताळला येऊ म्हणून सांगितलं होतं, नक्की नव्हतं.

पण दुपारी डबे झाले की सिल्बी तिला मागच्या बाकाकडे ढकलायची. "जा, पडा जरा. मी आहे."

एके दिवशी तिथं आडवी पडून फिदालिया ऐकत होती. सिल्बी नोहाची गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत नोहानं सगळ्यांत आधी डुकरं चढवली, कारण डुकरं हट्टी. मागाहून चढवली असती तर पूर आला तरी ती खालीच राहिली असती.

"आणि बटाटे?" कुणीतरी विचारलं.

"बटाटे त्याच्या बायकोनं घेतले. पोतंभर. पुरुषांना कुठे आठवतंय."

बायबलात असं काही नाही, हे फिदालियाला ठाऊक होतं. उठून सांगावं असं तिच्या मनात आलं. मग तिनं कूस बदलली आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली.