जागा भरल्या

“जागा भरल्या, सायेब,” असं म्हणून तुळसाने टोपलीवर फडकं ओढलं. फडक्याबाहेर जिताड्याची शेपटी राहिली होती. ती मात्र तिने मुद्दाम झाकली नाही.

प्रिन्सिपॉल श्यामकांतराव आपल्या गिरगावच्या घराच्या पायरीवर बघतच राहिले. नवा जावई आज पहिल्यांदा जेवायला यायचा होता. पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, आणि वरळी कोळीवाड्यात खाडीतला एवढा मोठा मासा आज हा एकच आलेला. शिवाय तुळसाची बोहनी कित्येक वर्षं याच पायरीवर होत आली होती. बोहनीचं गिऱ्हाईक कुठली कोळीण परत पाठवते?

“कसल्या जागा गं?”

“मावऱ्याच्या. शंभर लोकं मासली मागतान, धा जनांना देतंय. लय नावाजलेली टोपली हाय माझी.”

साहेबांचे कान लाल झाले. वाक्य त्यांचंच होतं. त्यांच्या खाजगी कॉलेजात शंभर अर्ज आले की दहा मुलं घेत, आणि दरवर्षी नकार वाढले की यांची छाती फुगे.

मागच्या आठवड्यात तुळसाची कमळ मॅट्रिकचे मार्क घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली होती. आई दाराबाहेर. वडील काय करतात, असं विचारल्यावर पोर घाईत म्हणाली, “पान्यावर जातात.”

“पाण्यावर. म्हण, पाणी.”

कमळची जीभ अडखळली. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि शेजारचे दोन मास्तर रुमालात हसले. मग साहेब म्हणाले, जागा भरल्या. याच गृहस्थाने हिवाळ्यात संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत गर्जना केली होती, “मुंबई कोणाची? कोळ्यांची!” तेव्हा तुळसाने तळहात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या होत्या. अपमानापेक्षा त्या टाळ्यांचीच तिला जास्त चीड येत होती.

आतून साहेबांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई परात घेऊन आल्या. “अगं तुळसा, असं काय करतेस? जावई यायचेत!”

साहेब दोन पायऱ्या उतरले आणि हळूच म्हणाले, “हे बघ, उद्या पाठव मुलीला. एक जागा करतो मी.”

तुळसाच्या डोक्यात सणक गेली. म्हणजे जागा होती! पोरीच्या मार्कांना जी मिळाली नाही, ती या माशाला मिळत होती.

“सायेब, पयलं बोला, मावरं,” ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “मावरं,” ते पुटपुटले.

“नाय जमला. परत बोला.”

“मावरं!”

“जीभ वलत नाय तुमची. फुडच्या वर्साला या.”

तिने टोपली डोक्यावर घेतली. मागे खिडक्यांत जो हशा पिकला, तो ऐकून तिचा जीव थंड झाला. त्या मस्तीत तिने जिताडा कुणालाच विकला नाही, तसाच घरी आणला.

घरात कमळ चुलीपाशी बसून पुटपुटत होती, “पाणी, लोणी, आणि.” त्या दिवसापासून तिचा हाच जप चालला होता. तुळसाने साहेबांची हुबेहूब नक्कल करून सारा तमाशा सांगितला आणि पोट धरधरून हसली.

कमळ हसली नाही.

“जागा देणार होते ते?”

“देनार व्हता. मी थुकली त्याच्या जागेवर.”

“मला विचारलं नाहीस, आये.”

तुळसाचं हसणं थांबलं. पोरीचा सूड आपण घेतला, की आपला सूड पोरीवर घेतला, तिला कळेना. काहीतरी बोलावं म्हणून ती पुढे झाली, पण कमळने विळी ओढून जिताडा पुढ्यात घेतला होता. तिने मन लावून खवले काढले, डोकं वेगळं केलं, तुकडे पाडले. मग माखलेले हात पुढे धरून, मान वर न करता ती म्हणाली,

“आये, पानी दे.”