पेल्यात उतरलेला रोग

बंद पडलेल्या कापडाच्या गोदामापुढे सकाळी दुकानं उघडायच्या आधीच रांग लागलेली असायची. रांगेत बँकेचे मॅनेजर होते, निवृत्त हेडमास्तर होते, एक वकीलबाई होत्या, आणि अशा ठिकाणी असतातच तसे दोन-चार इंजिनिअर होते. आत लाकडी चौथऱ्यावर श्वासस्वामी बसलेले असत. अंगावर पांढरी शाल, समोर टेबल, टेबलावर काचेचे लखलखीत पेले आणि एक वाकडी काचनळी. रुग्णाने खुर्चीत बसायचं, नळी तोंडात धरायची आणि पेल्यातल्या पाण्यात सावकाश फुंकायचं. बुडबुडे उठत आणि बघता बघता ते नितळ पाणी पांढरं होई, पातळ दुधासारखं. मागच्या रांगांतली माणसं टाचा उंचावून बघत आणि एकमेकांचे दंड धरत.

"हा तुमचा रोग," स्वामी सांगत. "डॉक्टर फोटोत दाखवतात ती रोगाची सावली. आम्ही रोगच बाहेर काढून समोर ठेवतो. शास्त्र जिथे दमून खाली बसतं, तिथे आमचा पहिला श्वास सुरू होतो."

मग उपचाराच्या बैठका. डोळे मिटून बसायचं, स्वामींनी डोक्यावर हात ठेवायचा, आणि सगळी औषधं बंद करायची, कारण गोळी आत गेली की श्रद्धा बाहेर पडते, असं स्वामींचं म्हणणं. बैठका संपल्या की पुन्हा पेला, पुन्हा नळी. या वेळी कितीही फुंकलं तरी पाणी नितळच राही. झाला माणूस बरा. उपचाराची किंमत मी सांगत नाही. ऐकून धडधाकट माणसालाही धाप लागेल.

मी औषधाचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकं कमी झाली म्हणून याचं पोट दुखतंय, असं लोक माझ्या तोंडावर म्हणाले. म्हणोत. ज्यांनी आपली अक्कल गोदामाच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवली होती, त्यांच्या मताची मी कशाला पर्वा करू? माझा जीव टांगणीला लागला होता तो दादामुळे.

दादा माझा थोरला भाऊ. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. उभी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. कुणाच्या नळाला गढूळ पाणी आलं तर हा गृहस्थ टाकीपासून नळापर्यंतचा पाइप खणून काढील. पण स्वतःच्या पेल्यातलं पाणी गढूळ झालं तेव्हा हात जोडून उभा राहिला. त्याला लहानपणापासून दमा. सकाळ-संध्याकाळ पंप ओढला की ठणठणीत. तो पंप मीच घरी नेऊन द्यायचो. या खेपेला नेला तर त्याने तो माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाला की आता याची गरज नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आधी दुधाळ आणि नंतर नितळ.

मी पैजेवर सांगितलं की नळीत कसली तरी पावडर भरलेली असणार. दादा कुत्सित हसला. नळी त्याने आधीच उजेडात धरून आरपार पाहिली होती, नळी रिकामी होती. म्हणजे मी तोंडघशी पडलो आणि स्वामींचं पारडं आणखी जड झालं.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, हे हल्ली प्रत्येक मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबतात."

"मग?"

"त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत."

दम्याचा मोठा झटका एखाद्या वेळी दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचू देत नाही, हे मला ठाऊक होतं आणि वहिनीलाही. ज्याला ठाऊक असायला हवं होतं तो आत सोफ्यावर बसून बरा झालेला होता.

आता पुतणीविषयी. दादाची ही मुलगी नववीत. तिच्या शाळेत विज्ञान शिकवायला नव्या बाई आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांच्या प्रयोगवह्या परत केल्या होत्या. त्या शाळेत, आणि खरं तर शहरातल्या सगळ्याच शाळांत, प्रयोग पेनाने करायची पद्धत. प्रयोगशाळेचं कुलूप गंजलेलं, वह्या मात्र चकचकीत. थोरल्या भावंडाच्या वहीवरून उतरवायचं. निष्कर्ष आधी लिहायचा, कारण तो छोटा असतो; मग त्याला शोभेल असं निरीक्षण. सगळ्या वर्गाचं पाणी एकाच तापमानाला उकळायचं, दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा तोच. शिक्षक सही करायचे, परीक्षक मान डोलवायचे. मी त्याच शाळेचा विद्यार्थी, दादाही.

बाईंनी सांगितलं की शाळेबाहेर पाहिलेल्या कुठल्याही एका प्रयोगाचा अहवाल लिहून आणा. पुतणी बाबांबरोबर पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही खेपांना गोदामात गेली होती, तिने तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर ती तडक माझ्या दुकानात आली आणि अहवाल काउंटरवर आपटला. कागद लाल शाईने रंगलेला.

तिने साहित्य म्हणून लिहिलं होतं: पवित्र जल, नळी, पेला, श्रद्धा. श्रद्धेखाली बाईंनी विचारलं होतं, 'किती मिलिलिटर?' पवित्र जलाखाली रेघ मारून लिहिलं होतं की पवित्र हा रंगही नाही आणि वासही नाही, तुला दिसलं ते लिही. 'रोग बाहेर आला' या वाक्यावर तर मोठी फुली होती आणि बाजूला बारीक अक्षरात: 'पाहिलंस ते निरीक्षणात. त्यावरून समजलं ते निष्कर्षात. नुसतं ऐकलंस ते कुठेच नाही.' कृतीबद्दल म्हटलं होतं की तू बरोबर नसताना मला तस्संच करता आलं पाहिजे, इतकं नीट लिही. आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न: 'पहिल्या आणि शेवटच्या वेळी उपचाराशिवाय आणखी काय बदललं होतं?'

"हे मला कसं माहीत असणार?" पुतणी कुरकुरली.

मी म्हटलं, "जाऊन बघ."

बरं झालेल्यांनी अधूनमधून गोदामात येऊन आपली कहाणी सांगायची, असा स्वामींचा दंडक होता. दादा निघाला तशी तीही त्याच्याबरोबर गेली. गर्दी पेल्याकडे बघत होती. ही पेल्यात पाणी येतं कुठून ते बघत बसली. चेला दोन किटल्यांतून पाणी ओतत होता. नव्या रुग्णाला स्टीलच्या किटलीतलं. बैठका संपलेल्याला पितळेच्या किटलीतलं. एकदाही अदलाबदल नाही. इतक्या शिकल्या-सवरल्या लोकांत किटलीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण साहित्याची यादी करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

तिचा नवा अहवाल बाईंनी वाचला. त्यांनी माझ्या दुकानातून चुन्याची पूड मागवली. मला राहवेना, मी स्वतःच पोचवायला गेलो. प्रयोगशाळेचं कुलूप शिपायाने हातोडीने तोडलं होतं. पूड पाण्यात ढवळून, गाळून, बाईंनी नितळ पाणी परीक्षानळ्यांत ओतून ठेवलं होतं.

"उच्छ्वासाने चुन्याची निवळी दुधाळ होते, हा प्रयोग कुणी लिहिलाय?" बाईंनी विचारलं. सगळे हात वर.

"केलाय कुणी?"

सगळे हात खाली. माझाही, कारण तो नकळत वर गेला होता.

मग मुलांनी नळ्यांत फुंकलं. एकेक करून सगळ्या नळ्या पांढऱ्या झाल्या. धावण्याच्या शर्यतीत पहिली येणारी, कधी आजारी न पडणारी, मागच्या बाकावरचे आडदांड, सगळेच स्वामींच्या हिशेबाने मरणपंथाला लागलेले. पुतणी हातातल्या नळीकडे बघत राहिली. मग तिने साध्या पाण्यात फुंकलं. पाणी नितळच राहिलं.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. जिवंत माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो चुन्याच्या निवळीत गेला की पांढरे बारीक कण तयार होतात, आणि साध्या पाण्यात तसं काही होत नाही. अख्ख्या शहराने हे वाक्य आपापल्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून गुण मिळवले होते. आणि तेच डोळ्यांसमोर घडलं तेव्हा अख्ख्या शहराने हात जोडले.

"म्हणजे स्वामी खोटारडे आहेत," पुतणी म्हणाली.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "स्टीलच्या किटलीत निवळी आहे हा आपला अंदाज आहे. अंदाज लिहायचा नसतो, तपासायचा असतो. त्यांनी एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात. तू एकच बदल."

पुढच्या सभेला बाईंसह आम्ही गेलो. दादा चौथऱ्यावर उभा राहून आपण कसे बरे झालो ते सांगत होता आणि दर वाक्याला थांबत होता. लोकांना वाटलं गहिवरलाय. बोलणं संपल्यावर पुतणी पुढे झाली आणि म्हणाली की माझ्या बाबांनी सगळ्यांसमोर पुन्हा एकदा फुंकून दाखवावं, फक्त पाणी स्टीलच्या किटलीतलं घ्यावं.

चेला किटली उचलायला धावला. स्वामी सांगू लागले की ते जल केवळ पीडितांसाठी असतं. पण दादाचा विश्वास त्यांच्यापेक्षा पक्का निघाला. त्याने स्वतःच किटली हातात घेतली आणि पेल्यात ओतली. "मी बरा झालोय, मला कसली भीती?" असं म्हणून त्याने नळी तोंडात धरली.

त्याला फुंकायला फार वेळ लागला. मध्येच खोकला आला. पाणी पांढरं झालं.

"रोग परतला," स्वामी गरजले. "या सभेत कुणीतरी अश्रद्ध आलेलं आहे."

पुतणीने तिकडे लक्षच दिलं नाही. रांगेतल्या बँकेच्या मॅनेजरांचा उपचार अजून सुरू झाला नव्हता. तिने त्यांच्यापुढे पितळेच्या किटलीतलं पाणी ठेवलं. त्यांनी गाल फुगवून फुगवून फुंकलं. पाणी होतं तसंच राहिलं. "हे तर उपचाराच्या आधीच बरे झाले," ती म्हणाली. मग बाई उठल्या आणि त्यांनी स्वामींना नम्रपणे विनंती केली की आपण निरोगी आहात, तेव्हा स्टीलच्या किटलीतल्या पाण्यात आपणच फुंकावं.

"आमचा श्वास पेल्यात मावत नाही," स्वामी म्हणाले.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. चमत्काराची भट्टी एकदा हसण्याने विझली की पुन्हा पेटत नाही. वकीलबाईंनी स्वतः नळी घेतली, मग हेडमास्तरांनी. स्टीलच्या किटलीपुढे कुणीच निरोगी ठरेना. दुपारपर्यंत स्वामींनी गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या स्टीलच्या किटलीत आतून चुन्याचा पांढरा थर बसला होता. काही मंडळी अजूनही सांगतात की पोरीने दृष्ट लावली. त्यांच्याशी मी वाद घालत नाही; दुकानात आली की औषध देतो.

दादा मात्र घरी जाऊन सोफ्यावर बसला. पंपाचं नाव काढेना. माणूस फसतो ते एक वेळ कबूल करतो. आपण मूर्खासारखे फसलो हे कबूल करताना त्याचा जीव जातो. इथे तो खरोखरच जायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पंप खिशात घालून गेलो तेव्हा पुतणी त्याच्यापुढे अहवाल धरून उभी होती. पालकांची सही हवी होती.

त्याने चष्मा लावला आणि खात्यातला कागद वाचावा तसा वाचला. उद्देश, साहित्य, दोन्ही किटल्या, कृती. निरीक्षणाच्या शेवटच्या ओळींवर तो थांबला. त्या मी नंतर वाचल्या:

'श्वास सोडताना रुग्णाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पाणी दुधाळ झालं तेव्हा हा आवाज येत होता. पाणी नितळ राहिलं तेव्हाही येत होता.'

खोलीत तोच आवाज तेवढा ऐकू येत होता. दादाने पेन काढलं, सही केली आणि खाली नेहमीच्या सवयीने लिहिलं: 'नमुना तपासला. निरीक्षण बरोबर.' मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पंप त्याच्या हातावर ठेवला. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

माझं सांगणं एवढंच. मुलांना भोंदू ओळखायचं वेगळं शिक्षण द्यायला नको. प्रयोगशाळेचं कुलूप काढा आणि जे दिसलं तेच लिहायला लावा, मग ते पुस्तकाशी जुळो वा न जुळो. आणि थोरामोठ्यांनो, तुमच्यापुढे कुणी पेला धरला तर हात जोडायची घाई करू नका. आधी विचारा, पाणी कुठल्या किटलीतलं आहे.